बाबांचा भरतीचा हिशोब आणि आमचं मुंबईचं बिऱ्हाड

शुक्रवार, रात्री साडेअकरा, रत्नागिरी

बाहेर धो धो चाललंय, लाईट दोनदा जाऊन आली, आणि मी हॉलमध्ये अकरा खोक्यांच्या मधोमध बसून हे लिहितेय. बारावं खोकं उघडंच आहे, कारण आई अजून त्यात काही ना काही कोंबतेच आहे. आमसुलं झाली, कुळथाचं पीठ झालं, सोडे (सुकी कोळंबी) एका डब्यात आणि तो डबा दुसऱ्या डब्यात (वास बाहेर येऊ नये म्हणून, का ते पुढे सांगते), आता तांदूळ द्यायचे म्हणतेय. अगं मुंबईत तांदूळ मिळतात गो, म्हटलं तर म्हणे मिळतात, पण ते खायचे कोणी.

नवरा जानेवारीत तिकडे जॉईन झाला, ऑफिस विक्रोळीला, तेव्हापासून पीजीत राहतोय आणि रोज रात्री फोनवर जेवणाबद्दल रडतोय. मला वाटलेलं घर काय महिन्याभरात मिळेल. सहा महिने गेले. आणि खरं सांगायचं तर यात दोष आमचाच जास्त, कारण आपण कोकणातले, समुद्र आपला, घाम आपला, पाऊस तर आपलाच (रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, मुंबईपेक्षा जास्तच), मग मुंबईत नवीन ते काय असणार, फक्त गर्दी, असा एक माज होता डोक्यात.

पहिलं घर बघितलं ते जानेवारीत, वर्सोव्याकडे, सातवा मजला. काय ऊन होतं त्या दिवशी, कोवळं, लख्ख, वारा मस्त, आणि हॉलच्या खिडकीतून दोन बिल्डिंगांच्या फटीत पोस्टकार्डाएवढा समुद्र. एजंट त्याला सी व्ह्यू म्हणत होता आणि त्या सी व्ह्यूचे पाच हजार जास्त. मी तिथेच भाळले. बाबांना फोन लावला, त्यांनी समुद्राचं काही विचारलंच नाही, दोनच प्रश्न. खिडकी कुठल्या दिशेला? आणि पावसात बघितलंस का घर? म्हटलं बाबा, जानेवारीत पाऊस कुठून आणू. तर म्हणाले, मग निदान मे महिन्यात दुपारी तीनला जाऊन ये.

गेलो मे महिन्यात. घर अजून रिकामंच होतं, तिथेच खरं तर आम्हाला कळायला हवं होतं. खिडकी पश्चिमेची, साडेतीनला ऊन थेट आतल्या भिंतीपर्यंत, ग्रिलला हात लावला तर चटका. एसीचं बाहेरचं युनिट बघितलं, खाऱ्या हवेने नुसतं खाल्लेलं, बोट लावलं तर गंजाचे पापुद्रे सुटून माझ्या ओढणीवर पडले. मालक म्हणाले सर्व्हिसिंग करून देतो. सर्व्हिसिंग कसलं, त्याचं बारावं घाला. बेडरूममधल्या भिंतीतल्या कपाटाला नवीन रंग दिलेला होता, पण दार उघडल्यावर जो वास आला ना, तो आमच्या माडीवरच्या बंद ट्रंकेचा वास, बुरशीचा. तो वास कोकणातल्या माणसाला शिकवावा लागत नाही. रंगाने डाग झाकतात, वास नाही झाकत.

उन्हाचं अजून एक. आपल्याकडे दुपारच्या आत समुद्रावरून वारा सुटतो म्हणून निभतं, मुंबईतही तेच, पण मार्च-एप्रिलमध्ये जमिनीवरून येणारा पूर्वेचा वारा जोरात असला की समुद्राचा वारा उशिरा सुटतो आणि त्या दिवशी शहर भट्टी होतं. आणि जितकं किनाऱ्यापासून आत जाल तितका तो वारा उशिरा आणि थकून पोचतो. म्हणजे समुद्राकाठचं शहर म्हणून सगळीकडे सारखीच हवा असं काही नाही. आम्ही शेवटी घेतलं ते मुलुंडला, तिथे दुपारी कुलाब्यापेक्षा जास्त तापतं हे माहीत असून घेतलं. का, तर गाडी.

आता हे मुंबईच्या लोकांना हसायला येईल, पण कोकणी माणूस मुंबईत घर बघतो तेव्हा आधी ऑफिस बघतो आणि लगेच गणपतीला गाडी कुठून पकडायची ते बघतो. मुलुंडचं पुढचंच स्टेशन ठाणं, कोकण रेल्वेच्या बऱ्याच गाड्या ठाण्याला थांबतात, रात्री सामान आणि म्हातारी माणसं घेऊन अख्खी मुंबई आडवी कापत जायला नको. नवऱ्याचं विक्रोळी त्याच लाईनीवर, माझी फर्म ठाण्यात. लाईन बदलायची नाही, हा एकच नियम मी कोणालाही सांगेन. किलोमीटर मोजू नका, किती वेळा उतरून पूल चढायचा ते मोजा. आणि ते रविवारी जाऊन मोजू नका, रविवारी मेगाब्लॉक असतो, आम्ही तसं केलं आणि दोन तास कुर्ल्याला उभे राहिलो.

गणपतीची तिकिटं काढून झालीत बरं का. पूर्वी १२० दिवस आधी बुकिंग उघडायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस झालं, त्यामुळे सकाळी आठला फोन घेऊन बसलो आणि मिळालं वेटिंग. मुंबईला राहायला जायच्या आधी मुंबईहून परत यायचं वेटिंगचं तिकीट माझ्याकडे आहे.

सोड्यांचा डब्यात डबा का ते आता. मे महिन्यात फोनवर एका एजंटने भाडं, फॅमिली, नोकरी सगळं विचारलं, सगळं पसंत, मग हळूच, नॉनव्हेज खाता का? म्हटलं रत्नागिरीचे आहोत. तो म्हणाला, मग राहू द्या. बस, एवढंच. रागवायला वेळच मिळाला नाही मला. अशा तीन सोसायट्या झाल्या. पैसे देऊन राहायचं आणि बांगडा तळताना खिडकी लावायची, हे माझ्या आजोळच्या, खाडीकाठच्या माणसांना सांगितलं तर खोटं वाटेल. त्यामुळे हे पहिल्याच फोनवर विचारून टाका, घर बघून जीव जडल्यावर नको. आत्ताच्या सोसायटीत तसं काही नाही, जिन्यात बोंबलाचा वास आला तेव्हा मी नवऱ्याकडे बघितलं आणि त्याने मान डोलावली, अर्धा निर्णय तिथेच झाला. तरी आई डब्यात डबा घालतेच, घाबरलीय.

पैशाचं पटकन सांगते. भाडं ३६ हजार, डिपॉझिट दीड लाख, एजंटचं एक महिन्याचं भाडं, करार ११ महिन्यांचा. काही जण म्हणतात ११ महिन्यांचा आहे तर नोंदणी कशाला, ऐकू नका, महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी लागतेच, आणि आता माणूस घरी येऊन अंगठ्याचे ठसे घेऊन जातो, तासाभराचं काम. आणि पाणी किती वाजता येतं ते एजंटला विचारू नका, तो चोवीस तासच सांगणार. समोरच्या काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या सकाळी सव्वातास, आणि वर, पिंप आणलंय ना गं?

मुख्य गोष्ट राहिलीच, पावसात घर बघणं. जूनच्या शेवटी मुलुंड पूर्वेला दोन घरं हातात होती, एक तळमजला, पुढे छोटी बाग, चार हजारांनी स्वस्त, आणि एक तिसरा मजला. माझा जीव बागेत. बाबा म्हणाले, पुनवेला जा, बाराच्या सुमारास तिथे रस्त्यावर उभे राहा. बाबांचा हिशोब लहानपणापासून ऐकलेला, तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमी असेल तर सहा, पुनवेला सव्वाअकरा, म्हणजे धरून चाला बाराच्या आसपास. पुनव-अमावस्येला उधाण, म्हणजे मोठी भरती, अष्टमीकडे भांग, म्हणजे भरती अगदी छोटी. आमच्या रत्नागिरीत मांडवीच्या जेटीवर हे पोरंसोरंही सांगतात. मुंबईत याचा काय संबंध असं मला वाटलेलं, पण संबंध तिथेच जास्त. इथे पाऊस पडला की पाणी उतारावरून धावत समुद्राला जातं. मुंबईत ते गटारातून जातं, आणि बऱ्याच गटारांची तोंडं भरतीच्या पातळीच्या खाली, त्यामुळे उधाणाच्या वेळी मोठी सर आली की पाण्याला जायला जागाच नाही, ते रस्त्यात थांबतं ओहोटीची वाट बघत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला आणि त्यात दुपारी भरती. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३. एकच शहर. माझा मामा त्या रात्री चालत होता, तो अजून पावसाळ्यात ऑफिसला जाताना बॅगेत चिवडा ठेवतो.

तर गेलो पुनवेला, छत्र्या घेऊन, वेड्यासारखे उभे राहिलो. सव्वाबाराला गल्लीच्या तोंडाशी नाल्याच्या बाजूने पाणी वर यायला लागलं, गढूळ, वर थर्माकोलचे तुकडे, आधी चपलेचा तळ, मग घोटा. वॉचमन आमच्याकडे बघत होता, शेवटी राहवलं नाही त्याला, आम्हाला तळमजल्याच्या बागेत नेलं आणि भिंतीवर एक पुसट पिवळी रेघ दाखवली, माझ्या गुडघ्याच्या जरा वर. गेल्या का त्याच्या आदल्या वर्षीची, म्हणाला. बाग तिथेच विसरले मी. तिसरा मजला, खिडक्या पूर्वेच्या, फायनल.

मुहूर्ताचं आईने काढलेलं, आषाढात नको, श्रावण लागू दे. श्रावण लागल्यावर बाबांनी कॅलेंडर घेतलं आणि आईला न विचारता अष्टमी धरली. आईला वाटलं देवीचं काही असेल. आत्ता जेवताना ट्रकवाल्याचा फोन आला, हायवेवर खड्डे आहेत म्हणून (२०११ पासून चौपदरीकरण चालू आहे त्या रस्त्याचं, जाऊ दे) पोचायला संध्याकाळ झाली तर चालेल का विचारत होता. बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला. म्हणाले, हे बघा, रात्रीच निघा, अष्टमीला भरती सहाची, बाराला पूर्ण ओहोटी, बाराला सामान उतरलं पाहिजे, सहाला गल्लीत ट्रक नको.

तिकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग तो म्हणाला, काका, तुम्ही मच्छीमार सोसायटीत होता काय?