आडवं झालेलं वाळुंज

२५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून ३५ हजार क्युसेकहून जास्त पाणी सुटलं आणि पुण्यात विठ्ठलवाडीजवळ मुठेकाठी झाडं मोजायला मी खुंट्या ठोकून आखलेले सहाच्या सहा चौकोन वाहून गेले. एम.एस्सी.च्या प्रबंधाचं सगळं काम त्यांच्यावर होतं. रडकुंडीला आले. मॅडम म्हणाल्या, "मग आता पुरानंतर काय उगवतं तेच मोज."

ऑगस्टच्या सुरुवातीला पाणी पुन्हा चढलं, त्यामुळे काठावर उतरून चौकोन पुन्हा आखायलाच महिन्याचा मध्य उजाडला. घोट्यापर्यंत गाळ, झुडपांना अडकलेल्या चिंध्या, प्लॅस्टिक. वाळुंजाची, म्हणजे नदीकाठी वाढणाऱ्या आपल्याकडच्या विलोची, झाडं प्रवाहाच्या दिशेनं पार झोपलेली, सालं सोलवटलेली. मी वहीत 'मृत' लिहिलं. घाटावर बसलेल्या एक आजी बघत होत्या. म्हणाल्या, "आडवं झालं म्हणजे मेलं नव्हे गं."

तीन आठवड्यांनी गाळ उकरला. दबलेल्या खोडाला गुलाबीसर मुळ्यांचे झुपके फुटले होते आणि वरच्या अंगाला कोंब ओळीनं उभे. बोटाएवढी एक मोडकी फांदी गाळात रुतली होती. ओढून पाहिली, तर हलेना! 'मृत' खोडताना हात थरथरत होता. लव्हाळा तर आधीच गाळातून वर आला होता.

पण सगळीकडे असं झालं नाही. पूर हळूहळू ओसरला की जमिनीतली ओल सावकाश खाली जाते आणि कोवळी मुळं तिचा माग काढत उतरतात. धरणाचे दरवाजे मिटले की पाणी झपकन खाली जातं. पाऊस थांबल्यावर माझ्या वरच्या ओळीतली रोपं अशीच सुकली. शिवाय नदीनं आणायची वाळू नि गोटे वर धरणातच अडकतात, म्हणजे नवी रोपं रुजायला नवी जागाही फारशी तयार होत नाही.

नोव्हेंबरात कुणीतरी दोन चौकोनांवर राडारोडा आणून ओतला. पुरानं जे मारलं नव्हतं ते तिथे एका रात्रीत गेलं. फेब्रुवारीत त्यावर गाजरगवत आणि एरंड, बाकी काही नाही. राग अजून गेलेला नाही. पुरातून नदी आपली आपण सावरते, भरावातून कशी सावरणार?

उरलेल्या चौकोनांत जूनपर्यंत वाळुंज माझ्या खांद्याला लागलं. पावसाआधी खुंट्या पुन्हा ठोकल्या, या वेळी लोखंडी.