‘रा. रा.’वरचा डाग

साताऱ्यात मी डिझाइनची कामं करते. गेल्या पावसाळ्यात एका कुटुंबानं आजोबांच्या पत्रांची पुस्तिका करायला दिली. पत्रं सगळी टाइप केलेली. मुखपृष्ठावर ‘रा. रा.’ हा मायना हवा होता, तोही जुन्या टाइपरायटरच्या झिजलेल्या अक्षरात.

इंग्रजीत असे फॉन्ट भरपूर आहेत. ‘ट्रिक्सी’ तर एरिक व्हॅन ब्लोकलँड यांनी १९९१ मध्ये खऱ्या टाइपरायटरच्या ठशांवरूनच केला. मराठीत मला मनासारखा मिळेना. मग नेहमीचाच फॉन्ट घेतला, कडा कुरतडल्या, शाईचे डाग टाकले आणि खुशीत प्रूफ काढलं.

कोर्टासमोर एक काका अजून गोदरेजच्या मशीनवर अर्ज टाइप करतात. त्यांना दाखवलं.

“हे मशीनचं न्हाई, पोरी,” त्यांनी लगेच बोट ठेवलं. “दोन्ही ‘र’वर डाग एकाच जागी. शाई अशी पडती व्हय?”

त्यांनी कागद चढवला आणि ‘ण’ दहादा उमटवला. बोटाचा जोर, रिबनची ओल यांमुळे दहाही ठसे वेगळे, कुठं गडद, कुठं पुसट. पण काना मात्र दहाही वेळा केसभर खालीच. मराठी मशीनवर अर्धा ‘ण्’ एका कळीचा, काना दुसऱ्या कळीचा. त्या कान्याचा खिळा, म्हणजे कागदावर आपटणारं धातूचं अक्षर, खाली सरकलेला. त्यामुळे शिरोरेषाही दर वेळी तिथंच तुटत होती. माझ्या प्रूफमधली शिरोरेषा सलग होती! मी झीज वरून फासली होती. खिळ्याची खोट कायम राहते आणि शाई दर ठोक्याला बदलते, हा फरकच माझ्या ध्यानात आला नव्हता.

त्याच दुपारी काकांकडून प्रत्येक अक्षर चार-चारदा टाइप करून घेतलं, ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके इतक्या बारकाईनं, स्कॅन केलं. खोडरबरानं एकही कडा साफ केली नाही. एकच अक्षर जवळजवळ आलं की वेगळा ठसा यावा, अशी फॉन्टमध्ये सोय केली. त्यातच चार रात्री गेल्या. आतला मजकूर मात्र साध्या, स्वच्छ अक्षरात ठेवला. तुटकी अक्षरं ११ पॉइंटाच्या लहान आकारात वाचायला डोळे फोडावे लागतात, आणि पुस्तिका सगळ्यात आधी आजी वाचणार होत्या.

नवं प्रूफ काकांनी चष्मा वर करून, नाकाजवळ धरून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“याची रिबन बदलाय झालीया,” ते म्हणाले.