बरणी नीट हलवली नव्हती

मी न्यू जर्सीत एका पब्लिक हायस्कूलमध्ये अकरावीला यूएस हिस्टरी टू शिकवते, म्हणजे ढोबळमानाने गेल्या शंभरेक वर्षांचा अमेरिकेचा इतिहास. साताऱ्याला गेले की कोणीतरी विचारतंच, "तू अमेरिकन पोरांना अमेरिकेचा इतिहास शिकवतेस??" आता काय सांगू, वर्गातली निम्मी पोरं गुजराती नाहीतर तेलुगू घरातली असतात आणि उरलेल्यांना निक्सन कोण हे मीच पहिल्यांदा सांगते.

तर ही गोष्ट कोविडच्या आदल्या वर्षीची. व्हिएतनाम साधारण मार्चमध्ये येतं आणि तोपर्यंत पोरं पार कंटाळलेली असतात, सगळ्यांच्या डोक्यात एसएटी, म्हणजे कॉलेज प्रवेशाची परीक्षा. म्हणून मी दरवर्षी एक खेळ घेते, ड्राफ्ट लॉटरीचा. ड्राफ्ट म्हणजे सक्तीची सैन्यभरती, आणि व्हिएतनाम युद्धासाठी आधी कोणाला बोलवायचं ते या लॉटरीने ठरलं. 1 डिसेंबर 1969 ला वॉशिंग्टनमध्ये टीव्हीवर लाइव्ह ही सोडत झाली होती. 366 निळ्या प्लास्टिकच्या कॅप्सूल, प्रत्येकीत वर्षातली एक तारीख, सगळ्या एका मोठ्या काचेच्या बरणीत. पहिली निघाली 14 सप्टेंबर. म्हणजे 1944 ते 1950 मध्ये जन्मलेल्या ज्या ज्या पोराचा वाढदिवस 14 सप्टेंबरला, त्याचा नंबर 1, सैन्यात बोलवायला सुरुवात त्याच्यापासून. पुढे 1970 मध्ये 195 पर्यंतचे नंबर बोलावले, त्यावरचे सुटले. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आईची भिशीच आठवली होती, स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या, आणि उचलायला शेजारचं शेंबडं पोर. फक्त इथे ज्याची चिठ्ठी आधी लागली त्याची वाट लागली.

खेळ सोपा आहे. मुलगे उभे राहतात (मुलींना ड्राफ्ट नव्हताच, त्यावरून दहा मिनिटं भांडण होतं, होऊ देते), मी तक्ता बघून ज्याचा त्याचा नंबर सांगते, 195 पर्यंतचे खिडकीकडे, बाकीचे दाराकडे. त्या दिवशी एक मुलगा 14 फेब्रुवारीचा निघाला, व्हॅलेंटाइन डेला जन्म म्हणून त्याला कायम चिडवायचे, त्याचा नंबर 4. एक 30 डिसेंबरचा, नंबर 3. चौदा मुलग्यांपैकी नऊ खिडकीकडे गेले आणि मी नेहमीसारखं "आता तुम्ही काय कराल, जाल, कॅनडात पळाल, की मोहम्मद अलीसारखं नाही म्हणाल" याकडे वळणार तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, मिस, डिसेंबरवाले सगळे खिडकीकडेच कसे?

खरंच होतं, वर्गात चार डिसेंबरवाले आणि चारही तिकडे. मी म्हटलं अगं योगायोग, चारच तर आहेत. ती एपी स्टॅट्स, म्हणजे कॉलेजच्या तोडीचं संख्याशास्त्र, घेत होती, ऐकते कसली. तक्ता द्या म्हणाली. दिला. दोन मिनिटांनी म्हणाली, डिसेंबरच्या 31 तारखांपैकी 26 तारखा 195 च्या आत आहेत, फक्त पाचच सुटल्यात, सरळ हिशोबाने चौदाएक तरी सुटायला हव्यात. मग तिने चौघांना कामाला लावलं, प्रत्येकाला तीन तीन महिने, फोनच्या कॅल्क्युलेटरवर सरासऱ्या. मी आपली खडूवाल्या बाईसारखी फळ्यावर आकडे लिहीत होते. मार्चची सरासरी 225 च्या पुढे, डिसेंबरची 121 आणि थोडं. सगळं नीट मिसळलं असतं तर प्रत्येक महिन्याची 183 च्या आसपास यायला हवी.

कबूल करते, आठ वर्षं हाच तक्ता हातात घेऊन मी हा खेळ घेत होते आणि एकदाही त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं नव्हतं. लॉटरी "रँडम" होती असंच सांगत आले दर वर्षी!

"म्हणजे सरकारने फिक्स केलं होतं," व्हॅलेंटाइनवाला ओरडला आणि वर्गात जो काही कल्ला झाला विचारू नका, पोरांना कट-कारस्थान फार आवडतं.

आमच्या वर्गात एक पॅरा, म्हणजे मदतनीस, बसायचे, एका मुलाच्या मदतीला. सत्तरीला टेकलेले गृहस्थ, वर्षभरात गुड मॉर्निंगपलीकडे बोललेले मला आठवत नाहीत. ते बसल्या जागेवरून म्हणाले, "कोणी काही फिक्स केलं नव्हतं. बरणी नीट हलवली नव्हती."

सगळे गप्प. मग त्यांनीच सांगितलं. कॅप्सूल महिन्यामहिन्याने पेटीत टाकल्या, जानेवारीच्या आधी आणि डिसेंबरच्या शेवटी, पेटी थोडीफार हलवली, मग बरणीत ओतल्या, शेवटचे महिने वर राहिले आणि हात घालणारा माणूस वरचंच उचलणार ना. त्यांना हे तेव्हाच पेपरात वाचलेलं आठवत होतं, आणि त्यावरून इतका गवगवा झाला की पुढच्या वर्षी दोन ड्रम ठेवले, एकात तारखा एकात नंबर. पण आधीची लॉटरी काही रद्द झाली नाही.

कोणीतरी हळूच विचारलं, तुमचा नंबर?

"211." पन्नास वर्षांनी विचारलं तरी क्षणभरही न थांबता. सोळा नंबरांनी सुटले. ते म्हणाले की सुटलो हे त्या रात्री थोडंच कळलं, 1970 चं सगळं वर्ष आकडा कुठवर आला हे बघण्यात गेलं. डॉर्मच्या हॉलमध्ये पंधरा-वीस पोरं टीव्हीसमोर बसलेली, तारीख निघाली की ज्याची असेल तो उठून जायचा, कोणी काही बोलायचं नाही, आणि शेवटी शेवटी हॉलमध्ये खुर्च्याच जास्त होत्या. त्यातले कोण गेले, कोणाचं काय झालं, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. बेल झाली, ते त्यांच्या मुलाची बॅग उचलून निघून गेले.

पुढच्या पिरियडला मी जरा सटपटलेलीच होते. त्यात एका मुलाने विचारलं की आम्ही सिटीझन नाही मग आम्हाला काय. हा प्रश्न दरवर्षी येतो. ड्राफ्ट 1973 ला बंद झाला पण नावनोंदणी आहे, अठरा पूर्ण झाली की तीस दिवसांत, आणि ग्रीन कार्डवाल्या मुलग्यांनाही लागू, एच-फोरवर, म्हणजे आईबाबांच्या वर्क व्हिसामुळे मिळालेल्या व्हिसावर, असलेल्यांना नाही. आईबाबांना विचारून येतो म्हणाला. त्यांनाही माहीत नसणार, आपल्या लोकांना ग्रीन कार्डच्या आय-140 पासून सगळे फॉर्म तोंडपाठ, हा एक सोडून.

आणि मग लक्षात आलं की माझ्याच घरात एक ग्रीन कार्डवाला सतरा वर्षांचा आहे, 6 डिसेंबरचा. आठ वर्षांत शेकडो पोरांना त्यांचे नंबर वाचून दाखवले, ही एक ओळ कधी बघितली नव्हती. म्हणजे डोळा तिथे जायचाच नाही. पार्किंगमध्ये गाडीत बसून बघितलं. 10.

रात्री जेवताना त्याला सगळं सांगितलं, लॉटरी, डिसेंबर, ते 211 वाले गृहस्थ, आणि त्याचा नंबर.

"दहा म्हणजे टॉप टेन ना?" पोळी मोडत म्हणाला. मी काही बोलले नाही तसा थोडा वरमला. जरा वेळाने म्हणाला, "आई, पण बरणी काचेची होती ना? मग डिसेंबरचे वर राहिलेत हे बाहेरून दिसत नव्हतं कोणाला?"

"नाही रे," मी म्हटलं, "सगळ्या निळ्याच होत्या."