आमची वाटचाल : नकाशावरचा ठिपका किती जुना?

आम्ही सुरुवात केली तेव्हा आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशा नव्हताच. जहाजं भाड्याने घेणाऱ्यांना सफरीचा हिशेब मांडून देणं एवढंच काम होतं. भाडं किती, इंधन किती, बंदराचा खर्च किती, हातात काय उरेल. जहाज कुठे आहे ते माणूस स्वतः भरायचा, कप्तान दुपारी पाठवतो त्या नून रिपोर्टवरून. तो रिपोर्ट दिवसातून एकदाच. रात्री कुणी विचारलं, की एका खिडकीत ट्रॅकिंगची वेबसाइट, दुसरीत आमचा हिशेब आणि मध्ये वहीत उतरवलेले अक्षांश-रेखांश. एका ग्राहकाच्या ऑपरेटरशेजारी बसून मी ही धडपड तासभर पाहिली आणि नकाशा आत आणायचं ठरवलं.

माहिती मिळवणं अवघड नव्हतं. आंतरराष्ट्रीय सफरीवरच्या ३०० ग्रॉस टन आणि त्यावरच्या जहाजांना एआयएस यंत्र, म्हणजे जहाजाची ओळख आणि जागा रेडिओवरून आपोआप सांगणारं यंत्र, २००४ च्या अखेरपासून सक्तीचं आहे. चालतं जहाज दर २ ते १० सेकंदांनी आपला ठावठिकाणा सांगतं, नांगरावरचं दर ३ मिनिटांनी. आम्ही तो डेटा विकत घेतला आणि तीन महिन्यांत नकाशा उभा केला.

पहिली तक्रार आठवड्याभरातच आली. ग्राहकाचं जहाज भलत्याच महासागरात दिसत होतं. एकाच नावाची दोन जहाजं निघाली. आम्ही नावावरून जुळणी करत होतो. जहाजाच्या रेडिओची ओळख असलेला एमएमएसआय क्रमांकही ध्वज, म्हणजे नोंदणीचा देश, बदलला की बदलतो. कायम राहतो तो सात आकडी आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) क्रमांक, आणि त्यात चूक पकडायची सोयही आहे. ९०७४७२९ घ्या. पहिल्या सहा आकड्यांना क्रमाने ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणायचं, बेरीज १३९. तिचा शेवटचा आकडा ९, तोच क्रमांकाचा शेवटचा. तेव्हापासून आमच्याकडे जहाजाची ओळख म्हणजे आयएमओ क्रमांक, नाव फक्त वाचायला.

खरा फटका बसला तो पुढे. एका चार्टररने, म्हणजे जहाज भाड्याने घेणाऱ्याने, आमचा नकाशा बघून माल देणाऱ्याला कळवलं, जहाज लेकॅनच्या आत, म्हणजे माल भरायला हजर व्हायच्या करारातल्या तारखांमध्ये, पोहोचतंय. पडद्यावर वेग १२.५ नॉट (तासाला सागरी मैल) होता. पण ती नोंद १९ तासांपूर्वीची होती. मधल्या वेळात इंजिन बंद पडून जहाज पाण्यावर नुसतं तरंगत होतं आणि मालकाकडून अजून काही कळलं नव्हतं. किनाऱ्यावरचे रिसीव्हर साधारण ४० सागरी मैलांपर्यंतच ऐकतात, त्यापलीकडे उपग्रहावर भिस्त, आणि त्यालाही प्रत्येक संदेश मिळतोच असं नाही. शिळी नोंद आम्ही ताज्यासारखी दाखवली, ही चूक आमचीच होती. पर्यायी जहाज शोधायचा त्यांचा अख्खा दिवस गेला. फोनवर तो माणूस चिडला नव्हता, थकला होता. तो आवाज मी विसरलो नाही.

त्यानंतर आम्ही नवीन फीचर्स थांबवली आणि फक्त ठिपक्यावर काम केलं. आता प्रत्येक ठिपक्याशेजारी त्याचं वय तासांत दिसतं. सहा तास उलटले की भरीव ठिपक्याचं पोकळ वर्तुळ होतं आणि ईटीए (पोहोचायची अंदाजे वेळ) एका वेळेऐवजी 'या वेळेपासून त्या वेळेपर्यंत' असा येतो. २,८८० सागरी मैल बाकी असतील तर १२ नॉटने १० दिवस, १० नॉटने १२. लेकॅन हुकायला तेवढा फरक पुरतो. कॅन्सलिंगची तारीख, म्हणजे लेकॅनचा शेवटचा दिवस, ज्यानंतर चार्टरर करार रद्द करू शकतो, ईटीएच्या टप्प्यात आली की ओळ लाल होते. गंतव्य बंदर आणि जहाज पाण्यात किती खोल बुडालंय हा आकडा एआयएसमध्ये जहाजावर हाताने भरतात, म्हणून ते दाखवतो, पण हिशेबात धरत नाही.

मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन सुएझमध्ये सहा दिवस अडकलं, तेव्हा जवळपास प्रत्येक ग्राहकाचा एकच प्रश्न होता : आफ्रिकेला वळसा घातला तर किती दिवस? त्यासाठी आम्ही बटण केलं. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यापासून ते रोज वापरात आहे.

सध्या झुंज आहे ती जीपीएसच्या छेडछाडीशी, म्हणजे जहाजाला खोटी जागा दाखवणाऱ्या सिग्नलशी. खुल्या समुद्रातलं जहाज अचानक एखाद्या विमानतळावर उभं दिसतं. दोन नोंदींमधलं अंतर कापायला मालवाहू जहाजाला ६० नॉट लागले असते असं दिसलं, तर आम्ही ठिपका हलवत नाही. शेवटच्या खात्रीच्या जागी ठेवतो आणि शेजारी 'संशयास्पद' लिहितो.