छोट्या पॅकेटच्या शेपटातून होणारी गळती

इथरनेटची फ्रेम (तारेवरून एका वेळी जाणारा डेटाचा गठ्ठा), शेवटचा चार बाइटचा सीआरसी (चूक ओळखायचा आकडा) सोडून, किमान ६० बाइटची असावीच लागते. एआरपीची (आयपी पत्त्यावरून कार्डाचा पत्ता विचारणारी) विनंती हेडरसकट ४२ बाइटांतच संपते. उरलेले १८ बाइट शून्यांनी भरावेत, हे १९८४ च्या आरएफसी ८९४ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजातच लिहिलेलं आहे. तरी ही जागा शून्य न करताच पाठवण्याची चूक २००३ च्या जानेवारीत ‘इथरलीक’ (सुरक्षा-त्रुटींच्या यादीत सीव्हीई-२००३-०००१) या नावाने चव्हाट्यावर आली, तेव्हा लिनक्ससकट अनेक ठिकाणचे ड्रायव्हर (नेटवर्क कार्ड चालवणारे प्रोग्रॅम) त्यात सापडले. नव्या चिपसाठी घाईत लिहिलेल्या ड्रायव्हरमध्ये हीच चूक आजही सहज शिरू शकते, म्हणून ती कशी शोधायची आणि बुजवायची ते लिनक्सच्या अंगाने लिहितो.

चूक दिसायला अगदी साधी असते. पॅकेट ६० बाइटपेक्षा लहान असेल तर लांबी ६० धरायची आणि तीच डीएमएला (कार्डाने मेमरीतून थेट डेटा उचलण्याच्या यंत्रणेला) द्यायची. कार्ड सांगितलं तेवढं उचलतं; पॅकेट संपल्यावर पुढे मेमरीत जे काही पडलेलं असेल ते तारेवर जातं. दुसरा प्रकार ड्रायव्हर आधी स्वतःच्या ठरलेल्या बफरमध्ये किंवा कार्डवरच्या मेमरीत कॉपी करतो तिथला. तिथे शेपटात, म्हणजे पॅकेटनंतरच्या भरतीच्या जागेत, आधीच्या मोठ्या पॅकेटचे अवशेष राहतात. पहिल्यात कर्नलची मेमरी गळते, दुसऱ्यात दुसऱ्या कुणाचा तरी डेटा.

तपासताना पॅकेट पाठवणाऱ्या मशिनवर टीसीपीडंप (पॅकेट पकडून दाखवणारं साधन) लावून उपयोग नाही. तिथे ते ड्रायव्हरकडे जाण्याआधीच पकडलं जातं, त्यामुळे ४२ बाइटच दिसतात आणि सगळं आलबेल वाटतं. कॅप्चर पलीकडच्या मशिनवर करा, खऱ्या कार्डावर, आणि शक्यतो मध्ये स्विच न ठेवता थेट केबलने. आधी संशयित मशिनवरून १४०० बाइटचे पिंग ए५ हा हेक्स पॅटर्न देऊन सोडा. मग पलीकडून त्याच मशिनला १ बाइट डेटाचा पिंग करा. उत्तर भरतं १४ अधिक २० अधिक ८ (इथरनेट, आयपी आणि आयसीएमपीचे हेडर) अधिक १, म्हणजे ४३ बाइट. शेवटचे १७ हेक्समध्ये बघा. सगळी शून्यं असतील तर ठीक. ए५ ची रांग दिसली तर जुना बफर गळतोय. दर खेपेला वेगळंच काहीतरी दिसलं तर बहुधा पहिला प्रकार. राउटर शेपूट पुढे नेत नाही, त्यामुळे हल्लेखोर त्याच लॅनवर असावा लागतो. पण तो हवे तितके पिंग करू शकतो आणि प्रत्येक उत्तरामागे त्याला १७ बाइट फुकट मिळतात.

दुरुस्तीला कर्नलमध्ये तयार फंक्शनं आहेत. ‘एसकेबी पॅडटू’ (एसकेबी म्हणजे कर्नल पॅकेट ज्यात ठेवतो तो बफर) शेपटात शून्यं भरतं, पण एसकेबीची नोंदलेली लांबी बदलत नाही. ‘एसकेबी पुट पॅडटू’ लांबीही वाढवतं. मी दुसरंच वापरा म्हणेन. पहिल्याने लांबीचे दोन आकडे सांभाळावे लागतात, आणि मॅप करताना एक व अनमॅप करताना दुसरा वापरला की डीएमएची डीबग तपासणी बोंब मारते. त्याहून वाईट म्हणजे बीक्यूएल, रांगेतल्या बाइटांचा हिशेब ठेवणारी कर्नलची यंत्रणा. रांगेत पाठवले म्हणून ४२ बाइट सांगितले आणि पूर्ण झाले म्हणून ६०, की हिशेब उलटा पडून कर्नल जागीच बग-ऑन या तपासणीवर कोसळतो.

हे फंक्शन बोलावणारी ओळ कुठे घालायची? रांगेत जागा आहे का हे बघून झाल्यावर, पण डीएमए मॅपिंगच्या आणि डिस्क्रिप्टर (कार्डाला पॅकेटची जागा आणि लांबी सांगणारी नोंद) भरण्याच्या आधी. आणि खरी मेख पुढे आहे: मेमरी मिळाली नाही तर ही फंक्शनं एसकेबी स्वतःच मोकळा करतात. त्यामुळे तिथून ‘टीएक्स ओके’ (पॅकेटचं काम संपलं) परत करायचं आणि टाकून दिलेल्या (ड्रॉप झालेल्या) पॅकेटचा काउंटर वाढवायचा. सवयीने ‘टीएक्स बिझी’ (नंतर पुन्हा द्या) परत केलंत तर वरचा थर तोच मोकळा झालेला एसकेबी पुन्हा रांगेत लावतो. १७ बाइटची गळती बुजवायला जाऊन मोकळ्या केलेल्या मेमरीचा वापर, म्हणजे कितीतरी मोठं भगदाड.

ड्रायव्हर स्वतःच्या बफरमध्ये कॉपी करत असेल तर एवढंही नको. कॉपी झाल्यावर त्याच बफरचं शेपूट ६० पर्यंत शून्य करा. स्वस्तही पडतं आणि अपयशाची वाटच उरत नाही.

‘कार्डच पॅडिंग (शेपूट भरणं) करतं, आपण कशाला?’ हा आक्षेप येतोच. बऱ्याच चिपमध्ये तसा बिट असतो, पण डेटाशीट नीट वाचा. इंटेलच्या ई१००० ड्रायव्हरमध्ये लहान पॅकेट सॉफ्टवेअरनेच पॅड केलेली आहेत, कारण काही जुन्या पीसीआय कार्डांत हार्डवेअर पॅडिंग करताना पॅकेट बिघडू शकतं. ई१०००ई मध्ये बिट चालतो, पण त्याला पॅकेट किमान १७ बाइटचं लागतं, म्हणून ड्रायव्हर तेवढ्यापुरतं पॅड करतो.

दुरुस्तीनंतर वरचीच चाचणी पुन्हा करा, पण तेवढ्यावर थांबू नका. पिंगच्या उत्तरात एसकेबीच्या शेवटी बहुधा मोकळी जागा असतेच, त्यामुळे नवी मेमरी मागितलीच जात नाही आणि कोडमधली अपयशाची फांदी कधी चालतच नाही. ती चालवायला टीसीपीचे टाइमस्टॅम्प बंद करा आणि एकेक बाइट पाठवत राहा. ५५ बाइटची फ्रेम होते, आणि पुन्हा पाठवण्यासाठी टीसीपीने प्रत राखलेली असल्याने पॅडिंगला नवी मेमरी घ्यावीच लागते. जोडीला फेलस्लॅब (मेमरीची मागणी मुद्दाम फसवणारं) आणि केसॅन (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं) ही कर्नलची साधनं चालू ठेवा. पॅकेट ड्रॉप होताना काउंटर वाढला आणि केसॅन गप्प राहिला, की पॅच पाठवायला हरकत नाही. ज्या कमिटने (कोडमधल्या बदलाने) चूक आली तो पॅचच्या ‘फिक्सेस’ ओळीत द्या, म्हणजे स्टेबल (आधी प्रसिद्ध झालेल्या आवृत्त्यांच्या) शाखा सांभाळणाऱ्यांना तो किती मागे न्यायचा ते कळेल.