इमारतीच्या आधीचं चित्र

दादरच्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी व्ह्यू काढते. प्लॅन आणि एलिव्हेशन (इमारतीच्या दर्शनी बाजूचं सपाट रेखाचित्र) हातात घ्यायचं आणि जी इमारत अजून कागदावरच आहे ती बांधून झाल्यावर कशी दिसेल, ते दाखवायचं. त्यामुळे ॲक्सेल हेगचं सीएसएमटीचं जलरंगातलं चित्र पाहिलं की मला आधी आमच्या धंद्यातला माणूस दिसतो, स्टेशन नंतर.

चित्र १८७८ सालचं. स्टेशनचं बांधकाम त्याच वर्षी सुरू झालं आणि पूर्ण व्हायला १८८८ उजाडलं. म्हणजे हेगने घुमट रंगवला तेव्हा बोरीबंदरला घुमटाचा एक दगडही चढलेला नव्हता! आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचा. चित्र त्यानेच हेगकडून करून घेतलं. हेग मूळचा स्वीडनमधल्या गोटलंड बेटावरचा, इंग्लंडमध्ये स्थायिक झालेला. विल्यम बर्जेस या नामवंत वास्तुविशारदाच्या आराखड्यांची चित्रं तो वर्षानुवर्षं काढत होता. याच बर्जेसने आपल्या जेजे स्कूल ऑफ आर्टसाठीही एक आराखडा केला होता. तो फार खर्चिक ठरला आणि कागदावरच राहिला. आमच्याकडे अशा कागदांची कपाटं भरलेली आहेत, म्हणून स्टीव्हन्सचं स्टेशन उभं राहिलं याचं मला खरंच अप्रूप वाटतं.

व्ह्यू काढणाऱ्याची खरी परीक्षा वजन दाखवण्यात असते. एवढा मोठा दगडी घुमट, त्याच्या फासळ्या, दोन्ही बाजूंना पसरलेल्या कमानींच्या ओळी. सगळं नुसतं रेषांनी भरलं तर चित्राचा श्वास कोंडतो. हेग सावलीवर काम काढतो. कमानीच्या आतला काळोख नीट पडला की भिंतीची जाडी आपोआप कळते. ऑफिसात नवीन आलेल्या मुलांना मी हेच सांगत असते: उजेड नंतर, आधी खोली दाखवा.

पण काही गोष्टी कुठल्याच व्ह्यूमध्ये मावत नाहीत. महापालिकेच्या बाजूने रस्ता ओलांडून स्टेशनच्या भिंतीजवळ जा आणि मान वर करा. दगडी पानांच्या गर्दीत माकडं आहेत, मोर आहेत. हे नक्षीकाम जेजेच्या विद्यार्थ्यांचं. प्रवेशद्वाराच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ. घुमटावर 'प्रगती'चा पुतळा, उजव्या हातात मशाल आणि डाव्या हाताखाली चाक. तो टॉमस अर्पने घडवला. एवढ्या हातांनी मिळून ती इमारत पुरी केली.

१८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीला तिचं नाव स्टेशनला मिळालं, २००४ साली युनेस्कोची मान्यता आली. माहिती सांगताना लोक स्टीव्हन्सचं नाव घेतात, ते योग्यच आहे. मला वाटतं, त्याच दमात हेगचंही घ्यावं. एवढा पैसा ओतण्याआधी तो कशावर ओततोय हे डोळ्यांना दिसावं लागतं, आणि ते दाखवणं हे पूर्ण वेळेचं, कौशल्याचं काम आहे. आमच्या शीटवर कोपऱ्यात 'ड्रॉन बाय'चा, म्हणजे चित्र कोणी काढलं याचा, रकाना असतो. बऱ्याच ऑफिसांत तो रिकामा सोडतात. तो भरा, आणि पूर्ण नावाने भरा.