डोळे शाबूत, पण दिसेना

शेवटच्या महिन्यात माझं बीपी थोडं चढलं होतं, पायांवर सूज होती. बाळंत झाली की उतरेल, असं सगळ्यांनीच धरून ठेवलं होतं. सुट्टी मिळाली त्या कागदावर टाक्यांचं लिहिलं होतं, बाळाच्या लसींचं लिहिलं होतं. बीपी परत कधी बघायचं ते नव्हतं. माहेरी मंगळवार पेठेत आले आणि शेक-शेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू असं रीतसर सुरू झालं. त्यामुळे डोकं ठणकायला लागलं तेव्हा आईचं निदान तयारच होतं. "कान उघडं टाकून बसतीस, वारं लागणारच की!"

फडकं घट्ट बांधलं, गोळी घेतली. डोकं काही उतरेना. संध्याकाळी दुपट्यांच्या घड्या घालताना डोळ्यांपुढं झिरमिळ्या आल्या, भिंतीवरचं कॅलेंडर धुरकट झालं आणि बघता बघता पार गेलं. पुढचं मला आठवत नाही. आकडी आली, शेजारच्या काकूंनी कांदा फोडला, भावानं चप्पल हुंगवली म्हणे. कोल्हापुरात चप्पल तरी अस्सल चामड्याची मिळते, एवढंच काय ते समाधान. आकडीत काही हुंगवायचं नसतं, माणसाला कुशीवर वळवायचं आणि दवाखाना गाठायचा, हे घरात आता सगळ्यांना पाठ आहे.

दवाखान्यात बीपी १८०/११० निघालं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिली. बाहुल्या उजेडाला नीट आकसत होत्या, पडदाही ठीक. डोळे शाबूत आणि मला समोर उभी असलेली आई दिसत नव्हती. एमआरआयमध्ये मेंदूच्या मागच्या भागात दोन्ही बाजूंना पांढरे ढगासारखे पट्टे आले. दिसलेलं समजून घेण्याचं केंद्र नेमकं तिथंच असतं. आजाराचं नाव प्रेस, म्हणजे मेंदूच्या मागच्या भागाला येणारी आणि बहुतेक वेळा पूर्ण उतरणारी सूज.

निवासी डॉक्टर शेतकऱ्याच्या घरातला असावा. म्हणाला, ठिबकच्या नळीत पंपाचा दाब वाढला की सांध्यासांध्यातून पाणी झिरपतं, तसं रक्तवाहिन्यांतलं पाणी मेंदूत झिरपलंय. लकव्यात मेंदूचा भाग मरतो, इथं तो फक्त भिजलेला असतो. आणि गरोदरपणातल्या या बीपीत वारेतून (प्लॅसेंटातून) रक्तात उतरणारे घटक वाहिन्यांचं अस्तरच बिघडवतात, त्यामुळे बीपी फार चढलेलं नसतानाही पाणी झिरपू शकतं. बाळंतपणानंतर पहिले दोन दिवस सगळ्यात धोक्याचे, पण पुढे सहा आठवड्यांपर्यंतही हे येऊ शकतं.

मग मॅग्नेशियम सल्फेट. शिरेतून जाताना अंगाची लाही होते, आणि कमरेत दिलेलं इंजेक्शन विसरायचं म्हटलं तरी विसरत नाही. रात्रभर सिस्टर ठरल्या वेळी यायच्या, गुडघ्यावर छोटी हातोडी मारायच्या, श्वास मोजायच्या, लघवीची पिशवी बघायच्या. पाय उडाला की "बरं हाय" म्हणून पुढे. पाय उडायचा थांबला तर औषध जास्त झालंय असं समजायचं. उतारा म्हणून कॅल्शियमचं इंजेक्शन ट्रेमध्ये तयारच असायचं. बीपीही हळूहळूच उतरवत होते. एकदम पाडलं तर मेंदूला रक्त कमी पडतं.

शेजारच्या खाटेवर कागलकडच्या एक मावशी होत्या, डायलिसिसवर असलेल्या. "काय गं पोरी, तुलाबी दिसंना झालतं व्हय?" त्यांनीच बोलायला सुरुवात केली. एमआरआय दोघींचा सारखाच, उपचार मात्र वेगळे. मॅग्नेशियम शरीराबाहेर टाकतं मूत्रपिंड. त्यांचं तेच निकामी, म्हणजे माझं औषध त्यांना विष. त्यांना आकडीचं दुसरं औषध आणि बीपीसाठी सलाईनमधून इंजेक्शन चालू होतं. मूत्रपिंड बदलल्यावरच्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या, कर्करोगाची काही औषधं, ल्युपस (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटण्याचा आजार) यांनीही हे होतं, आणि अशा काही जणांत बीपी फारसं चढलेलंही नसतं. १९९६ साली डॉक्टरांनी या आजाराचं सविस्तर वर्णन केलं, तेव्हा त्यांच्या १५ रुग्णांत माझ्यासारख्या तिघी होत्या. बाकीचे बहुतेक मूत्रपिंडाचे किंवा अशी औषधं घेणारे. मला तोवर हा बाळंतिणीचाच आजार वाटत होता.

मला आधी उजेड कळला, मग रंग, मग आईच्या पातळाचे काठ. बाळाला पाजायला हरकत नव्हती, बीपीच्या गोळ्या तशाच निवडल्या होत्या. काही आठवड्यांनी पुन्हा काढलेल्या एमआरआयमध्ये ढग गेले होते. आकडीची गोळी यथावकाश बंद झाली, तोवर स्कूटीची किल्ली भावाच्या खिशात. मावशींनाही दिसायला लागलं, पण उशिरा. माझं कारण वारेबरोबर गेलं होतं, त्यांचं अजून अंगातच आहे. पाणी जास्त झालं, डायलिसिस चुकलं की बीपी चढणार, आणि हे पुन्हा होऊ शकतं.

आईनं लोणच्याची बरणी वरच्या फळीवर ठेवलीय आणि खाली बीपीचं मशीन. दुसऱ्या खेपेचा विचार असेल तर आधी येऊन भेट, असं डॉक्टरांनी सांगितलंय. साधारण १२ आठवड्यांपासून कमी ताकदीची ॲस्पिरिन सुरू करतात, म्हणाले. सासूबाईंनी विषय काढला होता. मी फाईल त्यांच्या पुढ्यात ठेवली.